भग्नमूर्तींचे घर

मूर्ती भंगली की तिची पूजा थांबते. मग ती देव्हाऱ्यात राहत नाही. कोणी तिला नदीत सोडतो, कोणी पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवतो. उकिरड्यावर मात्र तिला कोणी टाकीत नाही. आपल्या या साध्या रिवाजात दोन भाव एकत्र नांदतात. भंगलेल्या वस्तूत आता देवपण उरले नाही, असे आपण मानतो; आणि जिच्यात एकदा देवपण होते तिचा अवमान होऊ नये, असेही मानतो. पहिला भाव व्यवहाराचा आहे, दुसरा श्रद्धेचा. दोहोंची सांगड घालताना माणसे जे करतात, त्यातून कधी कधी मोठा इतिहास घडून जातो.

अथेन्सच्या लोकांवर असा प्रसंग अडीच हजार वर्षांपूर्वी आला. इ. स. पूर्व ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीझ याचे सैन्य त्यांच्या नगरात शिरले. गावाच्या मधोमध अ‍ॅक्रोपोलिस नावाची खडकाळ टेकडी आहे. तिच्यावरची अथीना देवीची देवळे त्या सैन्याने जाळली आणि भाविकांनी वर्षानुवर्षे वाहिलेले संगमरवरी पुतळे पाडले. पुढच्या वर्षी इराणी फौज पुन्हा आली आणि उरलेसुरले उद्ध्वस्त करून गेली. ती अखेर हटल्यावर नगरवासी परतले, तेव्हा त्यांच्यापुढे भंगलेल्या दगडांची रास होती. त्यांनी तिची दोन तऱ्हांनी व्यवस्था लावली. अर्धवट राहिलेल्या देवळाच्या खांबांचे तुकडे त्यांनी टेकडीच्या उत्तर तटात बसवले, तेही खालच्या गावातून सहज दिसतील असे. ते आजही दिसतात. पुतळे मात्र त्यांनी टेकडीवरच, देवीच्या जागेत, पुरून टाकले. एक जखम त्यांनी उघडी ठेवली आणि दुसरी मातीने झाकली. मग त्या मातीवर इ. स. पूर्व ४४७ पासून पेरिक्लीजच्या काळातले पार्थेनॉन उभे राहिले.

पुतळे जमिनीखाली तेवीसशे वर्षांहून अधिक काळ पडून होते. १८८५ ते १८९० या वर्षांत पानाजिओटिस कावाडियास यांच्या देखरेखीखाली टेकडीचे पद्धतशीर उत्खनन झाले. १८८६च्या फेब्रुवारीत एरेक्थिअन या देवळाजवळच्या एकाच जागी तरुण मुलींचे चौदा पुतळे वर आले. कुणाचे हात तुटलेले, कुणाची मान वेगळी झालेली. पण कित्येकांच्या केसांवर, ओठांवर आणि वस्त्रांच्या काठांवर रंग शिल्लक होता. उघड्यावर राहिलेल्या पुतळ्यांचे रंग उन्हापावसाने केव्हाच धुऊन नेले होते. शत्रूने तोडले म्हणून हे पुतळे पुरले गेले, आणि पुरले गेले म्हणूनच ते उरले.

अथेन्सचे अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालय पाहताना हा इतिहास मनात असलेला बरा. युरोपात ग्रीक शिल्पांची संग्रहालये पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही याहून कितीतरी मोठी आहेत. पण तिथे दहा ठिकाणचा माल एका छपराखाली आलेला असतो. इथे जे आहे ते एकाच टेकडीवरचे, तिच्या माथ्यावरचे आणि उतारांवरचे. अशा संग्रहालयाचे परीक्षण करताना किती वस्तू आहेत आणि त्या किती मौल्यवान आहेत, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. मोडलेल्याशी आणि हरवलेल्याशी हे घर कसे वागते, हा खरा प्रश्न आहे. मी त्या दालनांतून दोन दिवस हिंडलो तो याच प्रश्नाचा माग घेत.

जुने संग्रहालय टेकडीवरच होते. ते १८७४ साली उघडले आणि पुढे त्याला जागा पुरेना. नवे संग्रहालय टेकडीच्या दक्षिण पायथ्याशी बांधले गेले आणि २० जून २००९ रोजी खुले झाले. स्थपती बेर्नार चुमी. पायासाठी जमीन खणू लागताच खाली जुनी वस्तीच निघाली: घरांच्या भिंती, न्हाणीघरे, विहिरी, सांडपाण्याचे पाट. तेव्हा सारी इमारत खांबांवर उचलून धरण्यात आली आणि खालची वस्ती जागच्या जागी राहू दिली. आत जाताना पायाखाली जाड काच येते आणि तिच्यातून ती घरे दिसतात. पहिल्या काही पावलांना जरा भीती वाटते. कुणाच्या तरी माजघरावरून आपण जोडे घालून चाललो आहोत, असा संकोच होतो. २०१९ पासून त्या वस्तीत उतरूनही पाहता येते.

त्यानंतर काचेचीच एक रुंद चढण लागते. टेकडी चढताना जी लहान लहान देवस्थाने वाटेत लागत, त्यांतल्या वस्तू चढणीच्या दोन्ही बाजूंना मांडल्या आहेत. तिथे अप्सरेच्या ठाण्यात सापडलेले उंच मानेचे चित्रित घडे पाहायला विसरू नये. लग्नाच्या दिवशी वधूच्या मंगलस्नानासाठी अशा घड्यांतून पाणी आणीत आणि कार्य उरकल्यावर घडा त्या ठाण्यात वाहून टाकीत. हळदीच्या अंगाने न्हालेल्या मुलींच्या आपल्या प्रदेशातून गेलेल्या माणसाला हे घडे परके वाटत नाहीत. महान कलेच्या दाराशी मांडणीकाराने हे घरगुती सामान आधी ठेवले, हे मला फार उचित वाटले. टेकडीचा माथा देवांचा असला, तरी वाट संसारी माणसांचीच होती.

चढण संपते तिथे मोठे दालन उघडते, आणि पुरलेल्या पुतळ्यांशी आपली गाठ पडते. हे पुतळे भिंतीला पाठ लावून रांगेत उभे केलेले नाहीत. उंच गोल खांबांच्या मधून, दिवसाच्या उजेडात, ते जत्रेत माणसे विखुरलेली असावीत तसे उभे आहेत. आपण त्यांच्यामधून वाट काढतो, मागे जातो, वळून पाहतो. सकाळी एका गालावर असलेला उजेड दुपारी दुसऱ्या गालावर येतो आणि तोच चेहरा वेगळा भासतो. या दालनात एखादे पुस्तक हाती घेऊन क्रमाने चालणाऱ्याची थोडी गैरसोय होते हे खरे. पण पाहणाऱ्याची चैन होते.

खांद्यावर वासरू घेतलेला दाढीवाला गृहस्थ इथेच भेटतो. तो इ. स. पूर्व ५७० च्या सुमाराचा. वासराचे चारही पाय त्याने छातीपाशी धरले आहेत आणि त्याच्या हातांची व वासराच्या पायांची मिळून छातीवर एक फुली झाली आहे. माणसाचे तोंड आणि जनावराचे तोंड शेजारी शेजारी, दोघेही शांत. हा पुतळा र्‍होंबोस नावाच्या माणसाने वाहिला, असे त्याच्या बैठकीवर कोरले आहे. दात्यांची नावे हा या टेकडीवरचा एक वेगळाच आनंद आहे. सर्वांत भव्य अशा एका मुलीच्या पुतळ्याची बैठक सांगते की, नेआर्खोस नावाच्या कुंभाराने आपल्या कामाच्या पहिल्या फळातून ही वाहिली. टेकडीवर मिळालेल्या आणखी एका लेखात स्मिकिथी नावाच्या परटिणीने कमाईचा दहावा भाग देवीला दिल्याची नोंद आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लेख ज्याने वाचले आहेत त्याला हे वाचून ओळखीचे हसू येईल. तिथेही धेनुकाकटचा एक गांधिक, म्हणजे अत्तरे-सुगंध विकणारा, आपले दान नोंदवतो. आणि त्याच गावचे, स्वतःला यवन म्हणवणारे काही लोक एकेका खांबाचे दान करतात. कला राजांच्या औदार्याने वाढते असे आपण लहानपणापासून वाचतो. परटीण आणि कुंभार यांचे हे दगड त्या पाठाला शांतपणे पुरवणी जोडतात.

मुलींच्या पुतळ्यांत जिला सर्वांनी आपली म्हटले आहे, ती इ. स. पूर्व ५३० च्या सुमाराची, साध्या जाड वस्त्रातली. उंची चार फुटांहून कमी. डावा हात पुढे केलेला होता. तो वेगळा घडवून बसवलेला असल्यामुळे निखळून गेला आणि दंडाच्या टोकाशी नुसती खाच उरली आहे. त्या हातात काय होते, यावर ती कोण हे ठरते. फळ असेल तर ती कोणी भाविक मुलगी. धनुष्य असेल तर ती स्वतः आर्टेमिस देवी. वस्त्रावर प्राण्यांच्या आकृतींचे पट्टे रंगवले होते असा पुरावा अभ्यासकांना मिळाला आहे. त्यामुळे देवीचा पक्ष बळावला. पण संग्रहालयाने हा हात नवा करून लावला नाही. ती भक्त आहे की देवता, हा निर्णय त्या खाचेपाशीच थांबवला आहे. तिच्या ओठांच्या कडांना जे हसू आहे, ते त्या काळच्या बहुतेक पुतळ्यांना असते. शिल्पकारांची ती एक रीत होती. पण हिच्या बाबतीत ती रीत आहे हे समजूनही पटत नाही. आपल्याला काहीतरी ठाऊक आहे आणि ते ती सांगणार नाही, असेच वाटत राहते.

थोड्या अंतरावर एक घोडेस्वार आहे. त्याची हकीकत या घराचा स्वभाव सांगायला पुरेशी आहे. १८७७ साली टेकडीवर एक सुरेख शिर सापडले, बारीक मण्यांसारख्या केसांचे, दाढीचे, पानांचा मुकुट घातलेले. ते रांपँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाच्या संग्रहात आणि पुढे पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये गेले. नऊ वर्षांनी टेकडीवरच एका स्वाराचे धड आणि घोड्याचे तुकडे निघाले. हे शिर त्या धडाचे आहे, हे १९३० नंतरच्या दशकात हम्फ्री पेन या इंग्रज पंडिताने ओळखले. आज पॅरिसमध्ये खऱ्या शिराखाली प्लास्टरचे धड आहे आणि अथेन्समध्ये खऱ्या धडावर प्लास्टरचे शिर. दोन्ही नगरांत स्वार पुरा आहे आणि दोन्ही नगरांत अपुरा. अथेन्समधल्या स्वाराच्या मानेपाशी दोन रंग भेटतात, आणि ती सांधरेषा कोणी रंग लावून बुजवलेली नाही.

याच दालनाच्या शेवटाकडे एक मुलगा उभा आहे. क्रिटिओस या शिल्पकाराच्या नावाने तो ओळखला जातो, काळ इ. स. पूर्व ४८०च्या आगेमागे. त्याचे धड १८६५ मध्ये मिळाले, शिर १८८८ मध्ये. पावले नाहीत, हातही कोपरापर्यंत नाहीत, डोळ्यांच्या जागी जडवलेले डोळे जाऊन पोकळी राहिली आहे. तरी त्याच्यापाशी येताच पाहणारा थबकतो. आतापर्यंतचे सारे पुतळे दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, फौजेत उभे असल्यासारखे ताठ उभे होते. या मुलाने सारा भार एका पायावर घेतला आहे, दुसरा गुडघा सैल सोडला आहे. त्यामुळे एक कंबर किंचित वर गेली आहे, पाठीचा कणा हलकेच वळला आहे, मानही जराशी फिरली आहे. आणि चेहऱ्यावरचे ते रीतीचे हसू मावळले आहे. आपण रोज बसची वाट पाहत उभे राहतो ते असेच; पण दगडाला असे उभे राहायला शतक लागले. हातपाय नसताना हा तोल कळतो, किंबहुना अधिक स्पष्ट कळतो, कारण लक्ष वेधायला दुसरे काही उरलेले नाही.

जुन्या मूर्तींचे तुटलेले अवयव नवे करून लावणे ही युरोपात एके काळी सर्वमान्य रीत होती. इजिना बेटावरच्या देवळातील योद्ध्यांचे पुतळे बव्हेरियाच्या राजपुत्राने घेतले, तेव्हा थोर्वाल्डसेन या विख्यात शिल्पकाराने १८१६ ते १८१८ या काळात रोममध्ये त्यांना नवी डोकी, हात आणि पाय बसवून दिले. म्युनिकच्या संग्रहालयाने गेल्या शतकात, साठीच्या दशकात, ते सगळे पुन्हा उतरवले. याउलट, पार्थेनॉनच्या शिल्पांची डागडुजी करावी असे कानोव्हाला सुचवण्यात आले तेव्हा त्याने त्यांना हात लावायला नकार दिला. अथेन्सचे संग्रहालय कानोव्हाच्या पंथाचे आहे. पुतळा तोलून धरण्यापुरती लोखंडी कांब, सांधण्यापुरता साधा चुना किंवा प्लास्टर, याहून अधिक आगाऊपणा तिथे आढळत नाही.

वर जाण्याच्या वाटेवर, एका सज्जात, पाच स्त्रिया उभ्या आहेत. एरेक्थिअन देवळाच्या एका ओसरीचे छप्पर सहा स्त्रियांनी डोक्यावर पेलले होते. त्यांतली एक एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एल्गिनने नेली. ती लंडनला आहे. उरलेल्या पाच जणींचे चेहरे शहराच्या धुराने झिजू लागले, म्हणून १९७९ साली त्यांना खाली आणून त्यांच्या जागी प्रतिकृती उभ्या केल्या. संग्रहालयात त्या मूळच्या मांडणीतच उभ्या आहेत, आणि सहावीची जागा मोकळी ठेवली आहे. तिथे प्रतिकृती ठेवणे सहज शक्य होते. ती नाही, आणि त्या मोकळ्या जागेकडे पाहिल्यावाचून कोणी पुढे जात नाही.

पण या सज्जात संग्रहालयाने आणखीही एक गोष्ट साधली आहे. ओसरीवर या स्त्रियांच्या पाठी कुणाला दिसत नसत. इथे आपण त्यांच्या मागे जाऊ शकतो. मागे दाट वेण्या आहेत, प्रत्येकीची गुंफण निराळी. मान ही पुतळ्याची नाजूक जागा. तिच्यावर छपराचा भार यायचा, म्हणून शिल्पकाराने केसांचा हा जाड पेड मानेमागे सोडून तिला बळकटी दिली. उपयोग आणि शोभा यांचे भांडण कलेच्या चर्चेत आपण नेहमी ऐकतो. त्या वेण्या पाहून ते भांडण मिटावे. हात मात्र सर्वांचेच गेले आहेत. रोमजवळ तिव्होलीत सम्राट हेड्रिअनने आपल्या वाड्यासाठी यांच्या नकला करवून घेतल्या होत्या. त्या सापडल्या तेव्हा कळले की, त्यांच्या एका हातात देवाला अर्घ्य द्यायचे पसरट पात्र होते. मूळ वस्तूचे हरवलेले अंग नकलेने सांगितले. नकलेची निंदा करताना हेही लक्षात ठेवावे.

सर्वांत वरचे दालन पार्थेनॉनचे. खालच्या इमारतीवर ते थोडे तिरके, २३ अंशांनी फिरवून बसवले आहे, कारण त्याची दिशा आणि टेकडीवरच्या देवळाची दिशा एकच ठेवायची होती. चारी बाजूंना काच. शिल्पे पाहता पाहता मान वळवली की, ती ज्या देवळाची आहेत ते देऊळ समोर उन्हात दिसते. देवळाभोवती आतल्या भिंतीच्या माथ्यावर जो शिल्पपट्टा होता त्याची लांबी १६० मीटर आणि उंची सुमारे एक मीटर. त्याच्यावर अथीनेच्या महोत्सवाची मिरवणूक कोरली होती असे बहुतेक अभ्यासक मानतात: घोडे सजवणारे तरुण, दौडणारे स्वार, रथ, वाद्ये वाजवणारे, पाण्याचे घडे वाहणारे, बळीची गुरे, मुली, आणि शेवटी पूर्वेच्या बाजूला आसनांवर बसलेले देव. साडेतीनशेवर माणसे व देव, आणि दोनशेवर जनावरे. घोड्यांच्या पायांची अशी काही गुंतागुंत आहे की, एक स्वार कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे डोळा सोडवीत बसतो.

या पट्ट्याची मांडणी हा टीकाकाराला बोलण्यासारखा विषय आहे. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात पट्ट्याचे फलक एका लांब दालनाच्या भिंतींवर आतल्या बाजूला तोंड करून लावले आहेत. पाहणारा मध्ये उभा राहतो आणि मिरवणूक त्याच्याभोवती असते. मूळ देवळात हे उलटे होते. पट्टा बाहेर पाहत होता आणि माणसाला देवळाला वळसा घालीत, मिरवणुकीच्या बरोबर चालावे लागे. अथेन्समध्ये तीच रचना ठेवली आहे; मधला गाभारा आणि आपण बाहेरून चालणारे. फरक लहान वाटेल, पण दिंडी मांडवात बसून पाहणे आणि दिंडीबरोबर चार पावले चालणे यांत जो फरक आहे तोच इथे आहे. चालताना घोड्यांचा वेग कळतो, कुठे गर्दी होते आणि कुठे पांगते ते कळते, आणि वळून पूर्वेला आल्यावर एकाएकी शांत झालेले देव भेटतात. तिथला पॉसायडन, अपोलो आणि आर्टेमिस यांचा फलक दीर्घकाळ जमिनीखाली होता. १८३६ साली तो उत्खननात मिळाला. अपोलो मागे वळून पॉसायडनशी काही बोलतो आहे. त्याच्या गालावरची नितळाई पाहिली की पुन्हा एकदा मातीचे उपकार आठवतात. एक तोटाही नोंदवला पाहिजे. देवळात हा पट्टा फार उंचावर, छपराखालच्या अंधुक उजेडात होता आणि खालून नीट दिसावा म्हणून वरच्या अंगाला अधिक उठाव देऊन कोरला होता. इथे तो जवळजवळ नजरेपाशी आला आहे. कारागिरी कळते, मान उंच करून पाहण्यातला आदर हरवतो.

पट्ट्याचा बराच भाग मात्र इथे नाही. १६० मीटरांपैकी सुमारे ५० मीटर अथेन्सला आहे, सुमारे ८० मीटर लंडनला. एक फलक लूव्ह्रमध्ये, बाकीचे नष्ट झालेले किंवा विखुरलेले. जे लंडनला आहे त्याच्या प्लास्टरच्या प्रतिकृती इथे खऱ्या फलकांच्या शेजारी त्यांच्या त्यांच्या जागी लावल्या आहेत. खरा संगमरवर काळाने मधाच्या रंगाचा झाला आहे. प्लास्टर पांढरेफटक आहे. त्यामुळे एका घोड्यावरून पुढच्या घोड्याकडे जाताना डोळ्याला ठेच लागते. मी तिथे होतो तेव्हा एका शाळेची लहान मुले रांगेने आली होती. त्यांच्या बाई पांढऱ्या फलकांपाशी थांबून काही सांगत होत्या. भाषा मला कळत नव्हती, पण ‘लोंदिनो’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता, आणि मुले प्रत्येक पांढऱ्या तुकड्यापाशी तोच शब्द एकसुरात म्हणू लागली होती.

या पांढऱ्या रंगात एक मोठा विरोधाभास भरला आहे. जगाने ग्रीक कला पांढरी म्हणून ओळखली आणि पूजली. विंकेलमानने तिची थोरवी युरोपला सांगितली. त्याने ग्रीसमध्ये पाऊल ठेवले नव्हते, आणि त्याच्यापुढे होत्या त्या बहुतांशी रोमन काळातल्या नकला. आपल्याकडेही ग्रीस आला तो प्लास्टरच्या रूपाने. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत मराठी चित्रकारांच्या पिढ्यांनी प्लास्टरचे युरोपीय पुतळे समोर ठेवून रेखाटनाचा हात घटवला. तिथेच शिकलेल्या गणपतराव म्हात्र्यांनी १८९६च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ घडवली तीही प्लास्टरमध्येच. खुद्द प्राचीन ग्रीक दगड पाहण्याची संधी मुंबईकरांना २०२३च्या डिसेंबरात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात उघडलेल्या प्रदर्शनाने दिली. पण खालच्या दालनात निळ्या दाढीचा तीन धडांचा राक्षस आणि लाल केसांच्या मुली पाहून जो वर येतो, त्याला कळते की ग्रीकांचे देऊळ रंगांनी भरलेले होते. या घरात पांढरे आहे ते फक्त गैरहजर असलेले. ज्याला आपण ग्रीक शुभ्रता म्हणत आलो ती इथे उणिवेची खूण झाली आहे.

ही शिल्पे गेली कशी, हे आता सर्वश्रुत आहे. २६ सप्टेंबर १६८७ रोजी व्हेनिसच्या सैन्याने डागलेला गोळा तुर्कांनी देवळात साठवलेल्या दारूवर पडला आणि देऊळ मध्येच फुटले. १८०१ पासून पुढे एल्गिनच्या माणसांनी उरलेल्यातले पुष्कळ उतरवून नेले, आणि १८१६ साली ब्रिटिश पार्लमेंटने ते ३५,००० पौंडांना विकत घेतले. १९८० नंतर ग्रीसच्या सांस्कृतिक मंत्री मेलिना मेर्कुरी यांनी ते परत मिळावे म्हणून जगभर आवाज उठवला. हायडेलबर्गने २००६ साली, पालेर्मोने २०२२ साली आणि व्हॅटिकनने २०२३ साली आपापल्याकडचे लहान तुकडे परत दिले. लंडनचे दगड, मी हे लिहीत असता, लंडनमध्येच आहेत. लंडनची बाजू अगदीच पोकळ नाही. पश्चिम बाजूचा शिल्पपट्टा १९९३ पर्यंत देवळावरच राहिला आणि शहराच्या विषारी हवेत झिजला. एल्गिनने त्याचे जे साचे घेतले होते त्यांत आज दगडावर नसलेले बारकावे दिसतात. पण लंडनमध्येही १९३७-३८ मध्ये पांढरेपणाच्या हौसेपायी या शिल्पांचा पृष्ठभाग खरवडला गेला. तेव्हा सांभाळ कोणी अधिक केला, या हिशेबात कोणीच निष्कलंक निघत नाही. मालकीचा वाद मी वकिलांवर सोडतो. कलेच्या वाचकाला एवढेच म्हणायचे आहे की, पश्चिमेच्या त्रिकोणातल्या पॉसायडनच्या धडाचा एक भाग अथेन्सला आणि दुसरा लंडनला आहे. एक देह दोन गावांत राहू नये. एका ग्रंथाची पाने दोन कपाटांत असतील तर ती ज्या कपाटात ग्रंथाची बांधणी शिल्लक आहे तिथे जावीत, आणि ती बांधणी त्या टेकडीवर आहे.

इतके म्हटल्यावर मला या संग्रहालयाची जी मोठी उणीव वाटते तीही सांगितली पाहिजे. एल्गिनमुळे पडलेली पोकळी हे घर ठळकपणे दाखवते. बाकीच्या पोकळ्यांविषयी ते फार हळू बोलते. पार्थेनॉन अथीनेचे देऊळ होते जवळजवळ हजार वर्षे. त्यानंतर ते मेरीचे चर्च झाले आणि पंधराव्या शतकात मशीद. तीन बाजूंच्या चौकोनी फलकांवरल्या आकृती छिन्नीने तासल्या गेल्या त्या ख्रिस्ती काळात, असे अभ्यासक मानतात. उत्तरेचा एक फलक वाचला. त्यावरच्या दोन स्त्रिया, एक बसलेली आणि एक उभी, मेरी आणि तिला शुभवार्ता सांगणारा देवदूत अशा वाचल्या गेल्या असाव्यात, असा तर्क आहे. तो फलक याच दालनात आहे. काय विलक्षण गोष्ट! एका चुकीच्या वाचनाने एक शिल्प वाचले. २००९ साली, संग्रहालय उघडल्यावर महिन्याभरातच, कोस्टा-गाव्रास यांनी केलेल्या लघुचित्रपटातला असा विध्वंस दाखवणारा काही सेकंदांचा भाग चर्चच्या नाराजीमुळे कापण्यात आला. गवगवा झाल्यावर तो परत जोडण्यात आला. जोडला हे ठीक. पण कापावासा वाटला, यात स्वभाव दिसतो.

आणि शेवटची पोकळी तर ग्रीकांनी स्वतःच्या हातांनी केली. स्वतंत्र झाल्यावर त्यांनी टेकडी ‘स्वच्छ’ करायला घेतली. देवळाच्या अवशेषांतली लहान मशीद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गेली. प्रवेशद्वारापाशी असलेला मध्ययुगीन बुरूज १८७५च्या सुमारास श्लीमानच्या पैशाने पाडला गेला. पेरिक्लीजचे शतक तेवढे आपले आणि मधली दीड-दोन हजार वर्षे परक्यांची, अशी ती वाटणी होती. संग्रहालयाच्या कायमच्या मांडणीत त्या मधल्या शतकांना फारच थोडी जागा मिळाली आहे. इतिहासातले आपल्याला आवडणारे पान उघडे ठेवून बाकीची चिकटवून टाकण्याचा मोह केवळ ग्रीकांनाच होतो असे नाही, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. जुन्या वास्तू कुणाच्या, कोणत्या शतकाच्या, याचे वाद आपल्या दारातही आहेत.

तरीही माझा कौल या घराच्या बाजूने आहे. भंगलेले भंगलेले म्हणून दाखवणे, नकलेला नक्कल म्हणून उभे करणे आणि गेलेल्याची जागा मोकळी सोडणे, ही तीन पथ्ये त्याने अंगावर घेतली आहेत. ती पाळणारे संग्रहालय मोठे, मग त्याच्याकडे निम्मीच शिल्पे का असेनात. मात्र हीच पथ्ये त्याने चर्चच्या आणि मशिदीच्या शतकांनाही लावावीत. वरच्या दालनात, टेकडीकडच्या काचेपाशी, आणखी एखादी जागा सहज निघेल. तिथे पाडलेल्या बुरुजाचे एक छायाचित्र आणि मशीद झालेल्या पार्थेनॉनचे एक जुने चित्र ठेवावे, आणि खाली कोणी पाडले, केव्हा पाडले, एवढे दोन ओळींत लिहावे. ‘लोंदिनो’ म्हणणारी मुले तिथेही थांबतील, आणि त्यांच्या बाईंना त्यांना दुसरा एक शब्द शिकवावा लागेल.